विसरलेली घंटा

"चौथ्या घंटेचं बांधलेलं सोडायला आम्ही विसरलोच," कॅसेटमधली बाई हसत हसत सांगत होती. "बिचारा मिस्टर टॅम. इमानानं दोर ओढतोय, ओढतोय, आणि वरून आवाज म्हणून नाही. आम्ही त्याला कधी बोललोसुद्धा नाही. परक्या देशातला माणूस, उगाच वाईट वाटायचं त्याला."

मी टेपरेकॉर्डर बंद केला.

वामन माझ्या जुन्या घडीच्या चाकूनं पेरू कापत होता. तो माझा धाकटा भाऊ. इंग्रजीचा निवृत्त मास्तर, शिवाय स्वातंत्र्यसैनिक. दोन्हींचं पेन्शन त्याला मिळतं, आणि दोन्हींच्या जोरावर दुसऱ्याच्या चुका काढायचा अधिकार आपल्याला तहहयात मिळाला आहे अशी त्याची समजूत आहे.

"टॅम म्हणजे तू?"

"मी."

"तांबटचं टॅम?"

"त्यांना तेवढंच झेपलं."

त्यानं पेरूची फोड तिखटमिठात बुडवली. "म्हणजे बघ दादा. आम्ही येरवड्यात होतो तेव्हा तू तिकडे साहेबाच्या विजयाच्या घंटा बडवत होतास, हे सगळ्या मिरजेला माहीत आहे."

"तूच सांगितलंयस सगळ्या मिरजेला."

"सांगणारच. पण तुझी घंटा वाजलीसुद्धा नाही, हे आज कळतंय. कमाल आहे. साहेबाची चाकरी करतानासुद्धा तुझा आवाज फुटला नाही."

कॅसेट इंग्लंडातल्या श्रॉपशरहून आली होती. त्या परगण्याच्या दफ्तरखान्यानं युद्धाच्या काळातल्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम काढलं होतं. सैनिकांच्या, आणि नुसत्याच जगून राहिलेल्या लोकांच्याही. कॅसेटमधल्या त्या बाईनं, डोरीननं, त्यांना माझं नाव सांगितलं. एका बाजूला तिच्या आठवणी होत्या, दुसरी बाजू माझ्यासाठी कोरी ठेवली होती. मी एव्हाना मेलो असेन ही शक्यता लक्षात घेऊन त्यांनी अतिशय नम्रपणे चौकशी केली होती.

वामनला मी त्या रविवारची गोष्ट कधीच सांगितली नव्हती. स्वातंत्र्यसैनिकापुढे सफाई देणं माझ्या स्वभावात बसत नाही, आणि पुरतं ऐकून घेणं त्याच्या स्वभावात बसत नाही. पण "तुझा आवाज फुटला नाही" हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं, आणि मी सांगायला लागलो.

बेचाळीस साल. लढाईला बंदुकांइतकेच कारागीर लागतात, हे सरकारच्या उशिरा लक्षात आलं होतं. म्हणून हिंदुस्थानातली तरुण पोरं विलायतेला न्यायची, तिथल्या कारखान्यांत शिकवायची आणि परत आणून इथल्या कारखान्यांना जुंपायची, अशी योजना निघाली. मी इंटर सायन्सला नापास होऊन रेल्वेच्या वर्कशॉपात लागलो होतो. माझी निवड झाली. वडील म्हणाले, "तांब्याची भांडी ठोकायची ती विमानं ठोकशील, एवढाच काय तो फरक."

मला मिडल विदरली नावाच्या गावात राहायला पाठवलं. अपर आणि लोअर विदरली कुठे आहेत हे त्या गावात कुणालाही सांगता येत नसे. कारखाना सायकलवरून गाठता येण्याजोगा होता. राहायची सोय पोस्टाच्या वरच्या खोलीत, मिसेस टॉली यांच्याकडे. मी मनात त्यांना टॉलीबाई म्हणायचो. पन्नाशीच्या, उंच, विधवा. गावाचं पोस्ट त्या चालवत, तारा त्याच घेत, आणि चर्चच्या घंटा वाजवणाऱ्यांच्या प्रमुखही त्याच. आधीचे प्रमुख सैन्यात गेले होते. माझी खोली त्यांच्या मुलाची होती. आर्थर आरमारात होता आणि बुडाला होता. त्याचे फुटबॉलचे बूट अजून पलंगाखाली असत. ते मी हलवले नाहीत आणि त्यांनीही नाही.

आल्याच्या पहिल्या आठवड्यातच त्या म्हणाल्या, "मिस्टर टॅम, तुमचे खांदे चांगले आहेत. बुधवारी संध्याकाळी काही करता?"

"नाही."

"आता करता."

चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा होत्या, आणि ओढणारे उरले होते पाच. टॉलीबाई स्वतः. किराणा दुकानदार मिस्टर प्यू, जे ठार बहिरे होते. शेतावर काम करायला शहरातून पाठवलेली, पुरुषी पाटलोण घालणारी डोरीन. आणि दोन शेतकरी भाऊ, जे बांधावरून भांडून एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते, पण दोर मात्र एका तालात ओढायचे. सहावा मी.

आता यातली गंमत अशी की घंटा वाजवायला बंदी होती. चाळीस सालापासून सगळ्या इंग्लंडात चर्चच्या घंटा मुक्या होत्या. जर्मन उतरले तरच वाजवायच्या, असा हुकूम होता. म्हणजे घंटा वाजली की प्रार्थनेला जायचं नाही, पळायचं. पण हाताची सवय जाऊ नये म्हणून सराव चालू ठेवायला हरकत नव्हती. त्यासाठी प्रत्येक घंटेच्या आतला लोलक गोणपाट आणि सुतळीनं गच्च बांधून टाकलेला असे. आम्ही दर बुधवारी तासभर घाम गाळून सहा घंटा वाजवायचो आणि बाहेरून जाणाऱ्याला दोरांच्या सळसळीपलीकडे काही ऐकू येत नसे. मिस्टर प्यूंच्या कलेवर बंदीचा काहीच परिणाम झाला नव्हता.

तांबट आळीत जन्मलेल्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटतं. आमच्याकडे दिवसभर ठोकाठोक, आणि इथे धातूचं एवढं मोठं धूड फिरतंय आणि हूं की चूं नाही.

तिकडची घंटा आपल्या देवळातल्यासारखी लोंबकळत नसते. ती मोठ्या चाकावर उलटी उभी करतात, तोंड आभाळाकडे. दोर ओढला की ती गरकन पूर्ण फिरते आणि पुन्हा उलटी उभी राहते. मग दोर वर जातो, आणि तेव्हा तो सैल सोडायचा असतो. पहिल्या बुधवारी टॉलीबाई ओरडल्या, "सोडा, मिस्टर टॅम." मी सोडला नाही. आमच्या विहिरीवर दोर सोडला की बादली जाते. मी दोरासकट छताच्या दिशेनं निघालो. डोरीननं माझा पाय धरून मला इंग्लंडच्या भूमीवर परत आणलं.

"हिंदुस्थानात सगळे असेच वर जातात का?" तिनं विचारलं.

"फक्त सरकारनं ओढलं तर."

टॉलीबाईंनी मला चौथी घंटा दिली होती. तिला सगळे राणी म्हणत. व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हा ती ओतलेली होती, आणि तिच्या काठावरून उठावाची अक्षरं फिरली होती: व्हिक्टोरिया, राणी, आणि हिंदुस्थानची सम्राज्ञी.

"हिच्यावर तुमच्या देशाचं नाव आहे," टॉलीबाई म्हणाल्या. "तुमची ओळख निघेल."

ओळख निघाली. आपल्याकडे पावसाळा असतो ते महिने गेले, पण तिकडे पावसाळा निराळा काढून दाखवता येत नाही. दुसऱ्यांच्या दोरांकडे बघत बघत आपली पाळी साधायची, हे मला जमू लागलं. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, पायऱ्या उतरल्यासारखं. मग टॉलीबाई हाक देत आणि दोघांच्या जागा बदलत. जमलं की त्या मान हलवत. आमच्यातल्या कुणीच आमचं वाजवणं कधी ऐकलेलं नव्हतं.

ऑक्टोबर संपता संपता कारखान्यात आपल्याकडच्या पोरांची नवी तुकडी आली. त्यात कवठ्याचा बाबू कदम होता. माझ्या मशीनपाशी येऊन तो हात पुसत उभा राहिला. घरची खबर आधी द्यावी की जेवण झाल्यावर, असा विचार करत असावा.

"तुझा वामन आत आहे," तो म्हणाला. "ऑगस्टात तारा तोडल्या पोरांनी. स्टेशनाजवळच्या. त्याला येरवड्याला नेला."

"बरा आहे?"

"फटके मारलेत. बरा असेल आता."

वामन एकोणीस वर्षांचा होता. आईनं त्याच्या शर्टाला बटण लावून दिलं तर तो दोन दिवसांत ते हरवायचा. त्यानं तार तोडण्याइतकं कुठलं काम शेवटपर्यंत नेलं असेल, यावर माझा आधी विश्वासच बसेना.

मी कुणाला बोललो नाही. बुधवारी जाऊन दोर ओढला. मुक्या घंटेची एक सोय असते. ती कुणाच्या बाजूनं वाजतेय हे ठरवावं लागत नाही.

ती सोय नोव्हेंबरात संपली. आफ्रिकेच्या वाळवंटात साहेबानं मोठी लढाई जिंकली. आमच्या भागातली मराठ्यांची पोरंही त्या वाळवंटात होती. ती कुणासाठी जिंकतायत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रेडिओवर जाहीर झालं की येत्या रविवारी सकाळी, त्या एका दिवसापुरती, देशभर घंटा वाजतील.

गावाचा चेहराच बदलला. मिस्टर प्यूंनी दुकानाच्या काचेत झेंडा लावला. ते दोघे भाऊ एकाच वेळी पोस्टात आले आणि एकाच वेळी टॉलीबाईंशी बोलले, हा त्यांच्यातला कित्येक वर्षांतला सर्वांत मोठा संवाद. मी मात्र कारखान्यातून सायकल हाणत आलो तो एक वाक्य तयार करून. टॉलीबाई, मला रविवारी जमणार नाही. बस. कारण विचारलं तर ताप.

त्या खिडकीमागे शिक्के मारत होत्या.

"टॉलीबाई..." मी मराठीतच सुरुवात केली, मग सावरून म्हणालो, "मिसेस टॉली, जरा बोलायचं होतं."

"बोला. पण रविवारी तो तपकिरी कोट नको. आर्थरचा निळा आहे, तुम्हाला येईल."

हे ऐकून तयार वाक्य अडकलं. तेवढ्यात दाराची घंटी किणकिणली आणि मेजर हॅव्हरगल आत आले. ते चर्चचे विश्वस्त आणि गावच्या राखीव पलटणीचे प्रमुख. उमेदीची वर्षं खडकीच्या छावणीत काढलेली, त्यामुळे हिंदुस्थान आपल्याला कळतो असा त्यांचा समज होता, आणि हिंदुस्थानानं तो कधी खोडून काढला नव्हता.

"मिसेस टॉली, रविवारी दोर कोण धरणार?"

"दर बुधवारी धरतात तेच."

"हासुद्धा?"

"चौथी घंटा."

मेजर माझ्याकडे वळले आणि छावणीतल्या हिंदुस्थानीत म्हणाले, "तुम पूना का है?"

"मिरज, सर," मी इंग्रजीत म्हणालो.

"मिरज. तिथं गाडी बदलली होती मी. चहा भयंकर होता."

"अजून तसाच आहे, सर."

"असं बघ. यात तुझ्याविरुद्ध काही नाही." ते पुन्हा टॉलीबाईंकडे वळले, माझ्याविरुद्ध नसलेल्या गोष्टी त्यांना माझ्याशी बोलायच्या नव्हत्या. "हा ख्रिस्ती नाही. तेही चालवून घेतलं असतं. पण याचे भाऊबंद सध्या तिकडे रूळ उखडतायत, तारा तोडतायत. आपली पोरं मरत असताना पाठीत सुरा. असल्या माणसानं विजयाची घंटा वाजवलेली गावाला खपणार नाही."

"गावाला विचारलंत?"

"मी गावाच्या वतीनं बोलतोय."

"मग गावाला म्हणावं, मागे तिकिटांसाठी लोक उभे आहेत."

"पाच घंटांत भागेल, मिसेस टॉली."

त्यांचं बोलणं मला पूर्ण पसंत होतं. मला हेच हवं होतं. नुसतं मान खाली घालून "बरं" म्हटलं असतं तर ताप न येता काम झालं असतं. पण माझ्या कानांनी माझाच आवाज ऐकला.

"मी वाजवणार."

आपण स्वतःहून सोडायला निघालेली वस्तू दुसऱ्यानं ओढून घेतली की ती एकदम वडिलोपार्जित होते.

"काय म्हणालास?"

"चौथी घंटा मी वाजवतो, सर. रविवारीही मीच वाजवणार."

"मग मी सांगून ठेवतो," मेजर म्हणाले. "हा मनोऱ्यात दिसला, तर बुधवारचा सराव कायमचा बंद. आणि कारखान्याच्या साहेबाला मी ओळखतो. याचा मुक्काम दुसऱ्या गावी हलवायला मला एक निरोप पुरे."

ते गेल्यावर टॉलीबाईंनी दाराला कडी लावली आणि पाटी उलटी केली. मागे तिकिटांसाठी कुणीच उभं नव्हतं.

"शाबास," त्या म्हणाल्या. "आता काय बोलायचं होतं ते बोला."

"मी वाजवणार नाही, हे सांगायला आलो होतो."

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं. वामन, तारा, येरवडा, फटके. सांगून झाल्यावर म्हणालो, "आता माझी पंचाईत बघा. वाजवली तर ज्यांनी माझ्या भावाला मारलं त्यांच्या विजयाची वाजवतो. नाही वाजवली तर मेजर जिंकले."

टॉलीबाईंनी चष्मा काढून पुसला. "तारा कुठल्या? रेल्वेच्या की पोस्टाच्या?"

"दोन्ही असाव्यात."

"पोस्टाच्या तोडायला नको होत्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते खरोखर लागलं होतं. "लोकांचे निरोप असतात त्यांत."

सरकारी नोकराशी वाद घालायची ती वेळ नव्हती.

"आर्थरची तार ह्याच यंत्रावर आली," त्या पुढे म्हणाल्या. "मीच उतरून घेतली. पाकिटात घातली, वर माझं नाव घातलं आणि बंद व्हायची वेळ होईपर्यंत खिडकीत बसून राहिले. लोक रांगेत होते. मग घरी गेले आणि पाकीट उघडलं." त्यांनी चष्मा परत घातला. "त्या दिवशी वाटलं होतं, मधे कुणीतरी तार तोडायला हवी होती."

"तुम्ही रविवारी विजयासाठी वाजवणार?"

"मी सहा घंटा वाजवणार. कुणासाठी, ते ज्याचं त्यानं आपल्याशी बघावं. पाच घंटांचा मनोरा मी चालवत नाही. एवढंच मला तुमच्याकडून हवंय, मिस्टर टॅम. चौथा दोर, चौथ्या जागी. बाकी तुमचा प्रश्न."

शनिवारी दुपारी लोलक सोडायला आम्ही दोघं वर गेलो. शिडीवर पारव्यांची घाण, झडपांतून येणारा पट्ट्यापट्ट्यांचा उजेड. टॉलीबाईंनी खिशातून घडीचा चाकू काढला. आर्थरचाच. एकेका घंटेखाली वाकून त्या सुतळी कापत, गोणपाट खाली टाकत. पहिली, दुसरी, तिसरी. मग राणी ओलांडून पाचवी आणि सहावी.

मग त्यांनी चाकू मिटला आणि माझ्या हातात दिला.

"माझे गुडघे दुखायला लागले," त्या म्हणाल्या. "तुमची घंटा तुम्ही बघा."

त्या शिडीवरून खाली उतरल्या. मी राणीसमोर उभा राहिलो. हिंदुस्थानची सम्राज्ञी, तोंडात गोणपाट. आम्ही बराच वेळ एकमेकांकडे बघितलं. मग मीही खाली उतरलो.

रविवारी सकाळी सगळं गाव चर्चच्या आवारात उभं होतं. मेजर पदकं लावून दाराशी. मी तासभर आधीच मनोऱ्यात शिरलो होतो, आर्थरचा निळा कोट घालून. वेळ झाली. टॉलीबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि नेहमीची हाक दिली.

आणि घंटा वाजल्या.

मी आधी म्हटलं की आम्ही स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. डोरीन दचकली, दोर तिच्या हातून निसटता निसटता राहिला. त्या दोन भावांपैकी मोठा उघड रडत होता आणि धाकटा त्याच्याकडे बघत होता. मिस्टर प्यू नेहमीसारखेच वाजवत होते. नंतर ते म्हणाले, पायाखालची फरशी थरथरली त्यावरून कळलं. एक, दोन, तीन. मग कोरी जागा. मग पाच, सहा. पुन्हा एक, दोन, तीन, कोरी जागा.

लोकांना वाटतं न वाजवणं सोपं असतं. नुसतं हात बांधून उभं राहिलं तर ते न वाजवणं, आणि ते कुणाला ऐकूही येत नाही. बाकीचे पाच जण जवळ सरकून ती फट बुजवून टाकतात. पण तीन आणि पाचच्या मधे, बरोब्बर एका टोल्याएवढी शांतता, दर फेरीला, न चुकता, ठेवायची तर त्याला दोर ओढावा लागतो. रेड्याएवढं धूड फिरवावं लागतं. मी आयुष्यात इतकं नेटकं काम दुसरं केलेलं नाही. टॉलीबाईंनी जागा बदलायची हाक दिली तेव्हा ती शांतताही चालू लागली. तिसऱ्या जागी गेली, दुसऱ्या जागी गेली, परत आपल्या घरी आली. मी मनात म्हणत होतो, वामन, ही तुझी. ही पण तुझी.

थांबलो तेव्हा हात सोलवटले होते. डोरीननं माझ्याकडे बघून ओठ चावला आणि टॉलीबाईंच्या कानाशी लागली.

"हो, विसरलो वाटतं," टॉलीबाई हळूच म्हणाल्या. "त्याला बोलू नको हं. जा तुम्ही सगळे, प्रार्थना सुरू होईल."

चौघं खाली उतरले. आणि त्यांच्या उलट दिशेनं, धापा टाकत, मेजर वर आले. चेहरा फुललेला.

"मिसेस टॉली, आभारी आहे. पाच. मी मोजल्या. सुंदर वाजवलंत, आणि समंजसपणा दाखवलात. मला तेवढंच..."

इथे त्यांना मी दिसलो. चौथ्या दोराची वेटोळी करत होतो.

"सहा, मेजर," टॉलीबाई म्हणाल्या. "सहा जणांनी वाजवल्या."

"मी पाच ऐकल्या."

"बरोबर ऐकल्या."

मेजरांनी वर बघितलं, दोराकडे बघितलं. मग त्यांना हसू यायला लागलं. "म्हणजे हा... याची सोडायलाच विसरलात? आणि हा बिचारा इतका वेळ..."

तिथं गप्प बसलो असतो तर सगळं फार सोयीचं होतं. त्यांच्या हुकमाप्रमाणे पाच वाजल्या होत्या, मी हास्यास्पद ठरलो होतो, आणि हास्यास्पद माणसाला कुणी गावातून हलवत नाही. मी खिशातून चाकू काढला आणि टॉलीबाईंपुढे धरला.

"हा तुमचा. कापायला काही लागला नाही."

मेजरांचं हसू कमी होत होत थांबलं. ते मूर्ख नव्हते. नुसते मेजर होते.

"का?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ येरवड्याच्या तुरुंगात आहे, सर. तारा तोडल्या म्हणून. त्याला फटके मारलेत. तो सुटेल त्या दिवशी ही घंटा मी तुमच्यासाठी मोफत वाजवीन."

"हे मी कळवू शकतो. तुला ठाऊक आहे?"

"काय कळवाल?" टॉलीबाईंनी विचारलं. "की रविवारी सकाळी एक माणूस अत्यंत वेळेवर शांत होता? आणि कळवायचंच असेल तर उद्या या. तार माझ्याच खिडकीतून जाते."

खाली ऑर्गन सुरू झाला होता. मेजर काही वेळ त्या दोराच्या वेटोळ्याकडे बघत राहिले.

"वय काय त्याचं?"

"एकोणीस."

त्यांनी टोपी घातली, मग आपण चर्चमध्ये आहोत हे आठवून काढली, आणि खाली उतरले. बुधवारचा सराव चालू राहिला. माझा मुक्काम हलला नाही. नाताळाच्या आधी आमची तुकडीच परत निघाली. पोस्टाच्या दाराशी टॉलीबाईंनी माझ्या हातात तो चाकू ठेवला. "वापरलेला नाही," त्या म्हणाल्या, "तेव्हा धार शाबूत आहे."

मी बोलायचा थांबलो तेव्हा वामनच्या हातातली पेरूची फोड काळी पडली होती. त्यानं हातातला चाकू उलटा करून मुठीवरची झिजलेली अक्षरं बघितली. ए. टी. इतकी वर्षं तो त्याच चाकूनं पेरू कापत होता, पण वाचायची वेळ आली नव्हती.

"हाच?"

"हाच."

"ह्यानंच ती सुतळी..."

"ह्यानं काहीच कापलं नाही. तेच तर मघापासून सांगतोय."

त्यानं काळी पडलेली फोड बाजूला ठेवली. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी तुला वाटेल ते बोललो. एकदा तरी सांगायचंस, दादा."

"तू विचारलं कधीच नाहीस. टोमणे मारलेस. टोमण्याला माणूस टोमणा देतो, माहिती देत नाही."

"आणि ती बाई? ती तुला अजून बिचारा समजते. तिकडच्या दफ्तरात तू कायमचा बिचारा राहणार."

मी कॅसेट काढून उलटी केली. कोरी बाजू. लाल बटण दाबलं, फिरकी हलू लागली. इंग्रजीत कसं सुरू करावं याचा विचार करत घसा साफ केला, आणि पहिलंच वाक्य म्हणालो, "घंटा विसरलेली नव्हती."

वामननं हात पुढे करून बटण बंद केलं.

"पुन्हा घे," तो म्हणाला. "आणि जरा मोठ्यानं."

त्यानं खुर्ची जवळ ओढली, चाकू मिटून माझ्यापुढे ठेवला, आणि बटण स्वतः दाबलं.